सरकीसकट भरलेली पेटी

मित्रांनो, मी वाद्य ठेवायची एक जुनी पेटी आहे. सागवानी, आणि सध्या अंबडच्या एका माळवदाच्या घरात भिंतीला टेकून पडलेली. जालन्याच्या पुंजाराम सुताराने मला सतारीच्या मापाने घडवलं. ज्यांच्या सतारीसाठी घडवलं ते गाव सोडून गेले तेव्हा नरहररावांनी मला घेतलं. नरहरराव कचेरीत कारकून, पण जीव सगळा दिलरुब्यात. दिलरुबा माहीत आहे ना? तो गजाने वाजवतात आणि त्याच्या पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं. तो माझ्यात निजायचा तेव्हा काय मिजास होती माझी!

चौपन्न साली हैदराबादच्या रेडिओचं बोलावणं आलं, परीक्षेला या म्हणून. नरहरराव तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे. ते पत्र त्यांनी चारदा वाचलं. "सरोजिनी, हे हुकलं तर मला पुन्हा कोण विचारतंय?" ते बायकोला म्हणाले.

अडचण माझीच होती. दिलरुबा लहान आणि मी ऐसपैस. आतली काथ्याची गादी पार दबलेली. जालन्यापर्यंतच्या मोटारीतच दिलरुबा आपटून फुटला असता. म्हणून त्यांनी काथ्या उपसून टाकला आणि वडीगोद्रीच्या धर्मराजकडे, आपल्या दोस्ताकडे, कापूस मागितला. धर्मराजने गाठोडं आणून ओट्यावर टाकलं. "घरच्या वावरातला हाय, नरहरराव. बिलकुल मऊ!"

सरोजिनीबाईंनी कापूस चाचपला. "अहो, यात सरकी आहे. काढायची न्हाई का?"

"राहू दे गं, जल्दी आहे. अन् सरकीनं गादी बराबर दाट बसंल."

झालं! सरकीसकट कापूस भरला, वरून जुन्या लुगड्याचं अस्तर शिवलं. मग गादीला आकार यावा म्हणून दिलरुबा आत दाबून बसवला, झाकण लावलं आणि मला सुंभाने करकचून आवळलं. आठ दिवस कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी घरात बजावलं. तोवर स्वतः मात्र रिकाम्या मांडीवर बोटं नाचवत सराव करायचे. मला हसू यायचं त्यांचं.

मित्रांनो, माझ्या बुडाला एक फट होती. काथ्याला कोण हुंगतंय? पण सरकीचा वास सुटला आणि तिसऱ्या दिवशी उंदीर आत आले. सरकी खाल्ली, अस्तर फाडलं, आणि मग ते कातड्यापाशी पोचले. मला कळत होतं हो, एकेक दात कळत होता! पण ओरडणार कशी? पलीकडे माणसं निवांत जेवत होती.

नवव्या दिवशी नरहररावांनी सुंभ सोडलं. कातड्याला मुठीएवढं भोक, आणि भोवती कापसाचा भुगा अन् लेंड्या.

"नवं कातडं बसवून घ्या ना," सरोजिनीबाई रडतच म्हणाल्या.

"मिरजेशिवाय कोण बसवून देतंय? अन् परीक्षा परवा." ते सावकाश खाली बसले. "उंदरांना काय बोलायचं? मीच दाणा टाकून ठेवला त्यांना."

त्यांनी दुसरी तारीख मागितली. उत्तर आलंच नाही. वर्षभराने मिरजेहून कातडं बसून आलं, तेव्हा त्यांनी गज दोनदा फिरवला आणि खाली ठेवला. "आता कुणासाठी?" एवढंच म्हणाले. त्यालाही पाच वर्षं झाली. घरी कुणी पाहुणा आला आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारू लागला, की सरोजिनीबाई सांगतात, "हे पूर्वी वाजवायचे." नरहरराव तिथेच बसलेले असतात. ते मान वर करत नाहीत. ते पुन्हा वाजवतील असं मलाही आता वाटत नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरी जिवापाड जपलेलं काही असेल, तर ते रोज उघडून बघत जा. आम्हा पेट्यांवर विसंबू नका. आमचं झाकण बाहेरून छान बसलेलं दिसतं, आणि आत काय चाललंय ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही.