तांदळातली अक्षरं

अमेरिकेतल्या चँडलर गावात श्रीरंगच्या घरापुढे त्या रविवारी गाडी लावायला जागा उरली नव्हती. आत मनोहरबुवांनी सहा वर्षांच्या शंतनूचं मनगट धरलं, त्याचं बोट तांदळाच्या ताटात फिरलं आणि अक्षरं उमटली: आई.

खोलीतले इंजिनीयर गहिवरले. शंतनूला दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येत नव्हतं, आणि त्याची आई रेणू वर्षापूर्वी वारली होती. त्याचा बाप गुरुनाथ भिंतीला टेकून रडत होता.

"वाणी अडली तरी अक्षरब्रह्म अडत नाही," बुवा म्हणाले. "ब्रेनमध्ये सगळं डाउनलोड झालेलं असतं. फक्त ती शाळेतली स्पीच थेरपी बंद करा. दोन शक्ती क्लॅश होतात."

गुरुनाथ उद्याच शाळेला तसं कळवणार होता.

"पण याला मराठी अक्षरं शिकवली कोणी?" सुनेत्रामावशींनी विचारलं. त्या अशाच मुलांना बोलायला-वाचायला शिकवत.

"पूर्वजन्मीचे संस्कार, मावशी," श्रीरंग म्हणाला.

"अरे, तो ताटाकडे बघतसुद्धा नाहीये. पंख्याकडे बघतोय. आपण सगळे मोठ्यांनी हात धरून गिरवायला शिकलो, म्हणून आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. बुवा, जरा बाहेर जाता?"

बुवा हसत गेले. मावशींनी शंतनूला कुत्र्याचं चित्र दाखवलं. तो खुदकन हसला. चित्र लपवून त्यांनी बुवांना बोलावलं. "आत्ता काय पाहिलं, ते लिहू द्या त्याला."

बुवांनी मनगट धरलं. ताटात उमटलं: देव.

"पोराला देव दिसला," कोणीतरी पुटपुटलं.

मावशींनी चित्र सगळ्यांना दाखवलं. "हा दिसला होता."

"शंका आली की शक्ती जाते," बुवा म्हणाले.

"मग हात सोडा."

हात सुटला. शंतनूने मूठभर कच्चे तांदूळ तोंडात कोंबले.

"मागच्या वेळी त्याने लिहिलं होतं, आई इथेच आहे," गुरुनाथ म्हणाला.

"ते बुवांनी लिहिलं. रेणू गेल्याचं त्यांना श्रीरंगनेच सांगितलं होतं."

"मग हा लिहील कधी?"

"सांगता येत नाही. 'बॉल' आणि 'बॅट' एकाच आवाजाने सुरू होतात, हे अजून त्याच्या कानाला कळत नाही. कदाचित स्वतःचं नाव लिहील. कदाचित तेही नाही."

गुरुनाथने पोराच्या तोंडातले तांदूळ बोटाने काढले. मागे लोक मावशींना बोल लावत होते, की बिचाऱ्या बापाचा आधार कशाला काढून घेतलात. बुवांपुढे दुसरी एक आई मुलीला घेऊन बसलीसुद्धा.

रेणू घरात नव्हतीच. आता ताटातही उरली नाही. सोमवारी शंतनू स्पीचला गेला आणि काही न शिकता परत आला.

तरीही, कोणी तुमच्या मुलाचा हात धरून लिहवून घेत असेल, तर त्या माणसाला न दिसलेलं काहीतरी मुलाला दाखवा. मग हात सोडायला सांगा. पुढे जे दिसेल ते सोसवणार नाही. पण आपलं मूल तेवढंच आहे, आणि शिकवायचं त्यालाच आहे.