मार खाण्याची तालीम

व्हर्लीनने साखरेचं भांडं आजोबांच्या डोक्यावर उपडं केलं आणि ती कडाडली, "ऊठ म्हाताऱ्या! खुर्ची काय तुझ्या बापाची आहे?"

वस्तीतले एझ्रा आजोबा उठले. नुसते उठले नाहीत, तर मांडीवरची हॅट छातीशी धरून म्हणाले, "चुकलं साहेब."

चर्चच्या तळघरात कुणीच हसलं नाही. उद्या सकाळी तिथे जमलेल्या काळ्या लोकांपैकी बारा जण बाजारपेठेतल्या दुकानात, गोऱ्यांसाठी राखलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसणार होते. लोक थुंकतील, केस ओढतील, बदडतील. आपण हात उचलायचा नाही आणि जागा सोडायची नाही, एवढंच शिकायचं होतं. मिसिसिपीत एवढं शिकणंही सोपं नव्हतं. गोऱ्याचं सोंग पाद्रीबाबांनी व्हर्लीनला दिलं, कारण सोळा वर्षांच्या या पोरीच्या तोंडाचा पट्टा सगळी वस्ती ओळखून होती.

"पुन्हा," पाद्रीबाबा म्हणाले.

पुन्हा साखर, पुन्हा शिवी, आणि आजोबा पुन्हा उभे. तिसऱ्या खेपेला व्हर्लीन शिवी विसरली. तिने खाली वाकून विनवलं, "बसून राहा ना हो, आजोबा."

"मी कुठे उठतोय, पोरी? पायच उठतात मेले."

पाद्रीबाबांनी उद्याच्या यादीतलं आजोबांचं नाव खोडलं. व्हर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा पायऱ्या चढून बाहेर आली.

बाहेर तिचा मावसभाऊ रॉस्को गाडीत बसला होता. सीटखाली दोन बंदुका होत्या. वस्तीवर पहारा देणाऱ्या त्याच्या टोळीत तिने यावं म्हणून तो आठवडाभर तिच्या मागे लागला होता.

"झालं का मार खायचं शिक्षण?"

"आजोबांचं नाव खोडलं."

"बरं झालं. उद्या गोरा शेरीफ पोलीस घेऊन दारात आला, तर म्हातारा आपली बंदूक पुसूनबिसून त्याच्याच हातात देईल." रॉस्को खो खो हसला. "बस गाडीत. परत विचारणार नाही."

खरं तर तिला रॉस्कोचंच पटत होतं. पण ते हसणं झोंबलं. आजोबांच्या पायांत जे होतं, ते आपल्याही पायांत असलं तर? तिला एकदम भीती वाटली.

"पाच मिनिटं थांब," ती म्हणाली.

तळघर रिकामं झालं होतं. आजोबा एकटेच सांडलेली साखर झाडत होते. ती त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आता तुम्ही ओरडा माझ्यावर."

"मला नाही जमायचं ते."

"साठ वर्षं ऐकताय की!"

आजोबांनी झाडू भिंतीला टेकवला आणि ते जवळ आले. ते ओरडले नाहीत. कशाचीच घाई नसलेल्या माणसासारखे हळू, जवळजवळ गोड आवाजात म्हणाले, "ए काळे, ऊठ. मी दोनदा सांगत नसतो."

व्हर्लीन उभी होती. खुर्ची मागे कलंडली होती. तिची मूठ वळलेली होती आणि पाय एक पाऊल मागे सरकले होते.

बाहेर रॉस्कोने हॉर्न वाजवला.

आजोबांनी खुर्ची उचलून सरळ ठेवली. आता त्यांचा आवाज नेहमीचा झाला होता.

"मारायला उठलीस, पोरी, की घाबरून?"

ती मुठीकडे बघत राहिली. हॉर्न आणखी दोनदा वाजला. मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला, तेव्हा ती परत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "पुन्हा."