चिकाच्या बोटांनी निवडलेली वॉकीटॉकी

मित्रांनो, मी एक जुनी हॅम वॉकीटॉकी आहे, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते! माझे तुकडे कुठल्या कारखान्यात जोडले, मला आठवत नाही. माझं नशीब उघडलं ते जळगावच्या दुकानात, सुमनबाईंच्या हातात.

सुमनबाई यावलकडच्या केळीवाल्या. नात ऋतिका हॅम रेडिओची परीक्षा देऊन परवाना घेऊन आलेली. वादळात मोबाइल बंद पडला तरी गावातून जळगावपर्यंत हाक जावी, एवढीच तिची गरज. नातू हितेंद्रचा डोळा मात्र शेजारच्या महागड्या, काच दाबायच्या संचावर.

"आजी, याच्यात नकाशा हाये, रंगीत पडदा हाये!"

"नकाशा कायले? माले माझं घर सापडत नाही का?"

घड कापून सुमनबाई तशाच निघाल्या होत्या. बोटांवर केळीचा चीक वाळून काळा झालेला. त्यांनी काच दाबली, ती ढिम्म. माझं बटण दाबलं; मी लगेच बोलले.

ऋतिका म्हणाली, "आजी, जादा बॅटरी न् लांब अँटेना घेतली तरी हे त्याच्या निम्म्यात बसतं."

"मंग हेच बांध. वादळात काय हात धुऊन बसू मी?"

वैशाखात वावटळ आली. बागा आडव्या झाल्या, मोबाइल मुके झाले. ऋतिकाचे वडील पितांबरभाऊ शेडच्या पत्र्याखाली सापडले. मांडीतून रक्त थांबेना. सुमनबाईंनी लुगडं फाडून जखम आवळून धरली. ऋतिकाने बागेतून माझ्यावरून हाका मारल्या; बांधावरच्या झाडीत माझा आवाज विरून गेला. मग ती लांब अँटेना लावून गावच्या पाण्याच्या टाकीवर चढली.

"कोणी ऐकतं का? माणूस जखमी आहे!"

नुसती खरखर. पुन्हा हाक. पुन्हा खरखर. आणि मग जळगावचे जुने हॅमवाले रुपचंदकाका बोलले, "ऐकतोय बेटा. गाव सांग."

काकांनी धाडलेली दवाखान्याची गाडी आली. पितांबरभाऊ आता काठी टेकत बागेत फिरतात.

मला कुंकू लागलं, पेढा दाखवला. पुढे? पेटीत, गोधड्यांखाली! बॅटरी पार मेली. एक दिवस सुमनबाईंनी मला बाहेर काढलं आणि सगळ्या घराला फैलावर घेतलं. "जिनं घरचा माणूस वाचवला, तिले उपाशी ठेवता?"

तेव्हापासून दर अमावास्येला मी चार्जिंगला लागते आणि रुपचंदकाकांना टाकीवरून हाक जाते. मित्रांनो, रंग बघून संच घेऊ नका. आपला हात बघा, आपलं रान बघा. आणि घेतलात तर उपाशी ठेवू नका.

हितेंद्रही आता परीक्षेचा अभ्यास करतो. पडद्याचं नाव काढत नाही. टाकीवर चढायची आपली पाळी कधी, एवढंच विचारतो.