आपल्या माणसांचं वर्तुळ

नगरपालिकेचा माणूस घर बघायला येणार असेल तर घर आवरायचं नसतं, एवढी साधी अक्कल आमच्या नोर्डरव्हेन गावात कुणाला नाही. इथल्या खिडक्या रस्त्याकडे, पडदे दिवसभर उघडे, आणि येणारा-जाणारा मान वळवून आत बघणारच. आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, हे दाखवायची ही जुनी रीत. त्यापायी इथल्या म्हाताऱ्या एकवेळ औषध विसरतील, पण खिडकीची काच पुसायला विसरणार नाहीत.

यांतिनाबाई वोल्टहाउस त्यातल्याच. ऐंशीला टेकलेल्या, नवरा कधीच गेलेला, मुलगा कॅनडात, खुब्याचा सांधा बदललेला आणि हाताला कंप. दर मंगळवारी नगरपालिकेच्या खर्चाने नुर्तेन यायची. बाप तुर्कस्तानातून इथल्या कारखान्यात आला होता, ही मात्र इथेच जन्मली, इथेच पन्नाशीला आली. ती फरशी पुसायची, न्हाणीघर घासायची, खिडक्या लख्ख करायची, आणि मग दोघी कॉफी घ्यायच्या. त्या घरात आठवडाभरात माणसाचा आवाज व्हायचा तो तेवढाच. बाकी रेडिओ.

आणि नगरपालिकेला नवं शहाणपण सुचलं. माणसाने आधी स्वतःच्या बळावर जगावं, मग आपल्या माणसांच्या बळावर, आणि अगदीच नाइलाज झाला तर सरकारच्या. याला त्यांनी ‘सहभागी समाज’ असं गोंडस नाव दिलं. पैसे वाचवायचेत असं सरळ सांगितलं असतं तरी आम्ही समजून घेतलं असतं, काटकसर आमच्या रक्तातच आहे. पण नाही, यांना आमचं भलंच करायचं होतं. तेव्हा ज्याला-ज्याला मदत मिळते त्याच्याकडे एक माणूस येणार, स्वयंपाकघरात टेबलाशी बसून गप्पा मारणार, आणि मदत ठेवायची की काढायची ते ठरवणार. यांतिनाबाईंचा दिवस ठरला गुरुवार.

“माझं ऐका,” मंगळवारी नुर्तेन कोट न काढताच म्हणाली. “आज मी कशालाही हात लावणार नाही. तुम्हीही लावायचा नाही.”

“मग करायचं काय?”

“बसायचं. धूळ साचू द्यायची.”

“आणि लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, बाई म्हातारी झाली. आहातच की.”

“तू जरा जास्त बोलतेस हं.”

“बोलते, कारण माझ्या सासूचं बघितलंय. तिच्याकडे असाच एकजण आला. हिने घर आवरलं, वर भरल्या मिरच्या काय, बदाम-पिस्त्याच्या वड्या काय, टेबल भरून टाकलं. तो पोटभर जेवला आणि लिहून गेला, बाई ठणठणीत आहे. आता मी इकडची कामं करून तिकडे तिची फरशी पुसते. फुकट.”

यांतिनाबाईंनी कबूल केलं. मंगळवार पार पडला. बुधवारी सकाळपर्यंतही बाईंनी दम धरला. खिडकीत माशीने केलेला ठिपका त्यांना टेबलापासून दिसत होता, तरी त्या उठल्या नाहीत. मग शेजारची स्वांत्ये रस्त्यावरून गेली.

स्वांत्ये त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठी. दोघींत भांडण कधीच झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलं असतं. यांच्यात होती ती खिडक्यांची चढाओढ, आणि ती दोघी लग्न होऊन या गल्लीत आल्यापासून चालू होती. स्वांत्ये थांबली, काचेकडे बघितलं, मागच्या दाराने आत आली.

“बरं नाही का गं तुला?”

“मला काय झालंय?”

“काही नाही. खिडकी बघितली म्हणून विचारलं.”

बस, एवढंच बोलली आणि गेली. ती वळणावर दिसेनाशी व्हायच्या आत यांतिनाबाईंच्या हातात बादली होती. आधी खिडकी, मग दुसरी खिडकी, मग उंबरा, मग पडदे, आणि शेवटी स्टुलावर चढून टेबलावरचा दिवा. खुब्यातून कळा येत होत्या. हात इतका थरथरत होता की दिव्याची काच किणकिणत होती. संध्याकाळी घर असं चकचकीत झालं की नुर्तेनलाही कधी जमलं नसतं. यांतिनाबाईंना आनंद झाला, आणि लगेच आपण काय करून बसलो तेही कळलं. पण आता धूळ आणायची कुठून?

गुरुवारी सायकलवरून योरित आला. तिशीतला, दाढीवाला, पायात रंगीत मोजे, आणि चेहरा जगाचं भलं करायला निघालेल्या माणसाचा.

“मला अरे-तुरेच करा,” तो म्हणाला. “मी इथलाच. मागच्या गल्लीत राहतो, चर्चला लागून. शेजारीच म्हणा ना.”

“ओळख नसताना मी कुणाला अरे-तुरे करत नाही,” यांतिनाबाई म्हणाल्या. कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा पुढे केला, त्याने एक घेतलं, डबा बंद झाला. पाहुण्याला एकच बिस्किट, ही आमच्याकडची पद्धत. दुसऱ्यासाठी राजा आला तरी डबा उघडत नाही.

योरितने घरभर नजर फिरवली. “वा, काय सुंदर ठेवलंय. कोण करतं हे सगळं?”

नुर्तेनचं नाव बाईंच्या जिभेवर आलं होतं. पण या आठवड्यात नुर्तेनने खरंच काही केलं नव्हतं, आणि खोटं बोलायचं म्हणजे रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं? शिवाय, खरं सांगायचं तर, ‘सुंदर’ म्हटल्यावर छाती फुगली होती.

“मीच,” त्या म्हणाल्या.

“अरे वा. जमत नाही असं कधी होतं?”

“जमतं.”

‘मला जमत नाही’ हे त्यांनी त्यांच्या आईच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, आणि आईने आजीच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांतिनाबाईंनी मूठ झाकली आणि मंगळवार घालवला.

योरितने कागदावर मोठं वर्तुळ काढलं, मधोमध एक हसरा चेहरा. “या तुम्ही. आता सांगा, तुमच्या आजूबाजूला आपली माणसं कोण?”

“मुलगा आहे. कॅनडात.”

त्याने कॅनडा वर्तुळाबाहेर लिहिला. “आणि जवळचं?”

“शेजारी स्वांत्ये आहे. पण तिला कसं सांगणार? ती माझ्याहून मोठी.”

योरितचा चेहरा उजळला. “सांगायला कशाला हवं? सोमवारीच त्यांचीही मदत तपासायला गेलो होतो. त्यांनी त्यांच्या वर्तुळात तुमचं नाव दिलंय. तुम्ही त्यांना मदत करायची, त्या तुम्हाला करतील. याहून छान काय असणार?”

यांतिनाबाईंनी मान डोलावली. नाही म्हणावं तर स्वांत्येला कळणार, आणि स्वांत्येला कळलं की गल्लीला कळणार. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या नगरपालिकेने मात्र दोन आटलेले आड शोधले आणि एकमेकांना पाणी पाजायला सांगितलं.

नुर्तेनला दुसऱ्या गावात काम दिलं. ती निरोप घ्यायला आली तेव्हा दारातूनच चमकणारा दिवा बघून तिने कपाळाला हात लावला. “माझी सासू बरी म्हणायची वेळ आणलीत,” ती म्हणाली, आणि यांतिनाबाईंना मिठी मारून गेली. त्या दिवशी रेडिओवर काय लागलं होतं ते यांतिनाबाईंना आठवत नाही, कारण त्या रडत होत्या.

पुढच्या मंगळवारी स्वांत्ये बादली घेऊन आली. आता स्वांत्येला धूळ दाखवायची? यांतिनाबाईंनी सोमवारीच घर घासून ठेवलं होतं. स्वांत्येने कपाटाच्या वर बोट फिरवलं, बोट बघितलं आणि नाक मुरडलं.

“करायला काही ठेवलंच नाहीस.”

“असतंच काय करायला? एकटीचं घर.”

मग दोघींनी एकेक बिस्किट खाल्लं. त्यापुढच्या मंगळवारी यांतिनाबाई तिकडे गेल्या, तर स्वांत्येचं घर आरशासारखं. असं महिनोन् महिने चाललं. दोघी आपापलं घर आपणच घासत होत्या, आणि पूर्वी घासलं नव्हतं इतकं घासत होत्या, कारण आता तपासायला माणूस घरात येत होता. योरितने गावच्या वर्तमानपत्रात दोघींचा फोटो छापून आणला. फोटोत दोघी हसत होत्या, मागे खिडकी लखलखत होती.

मग एका मंगळवारी यांतिनाबाई नेहमीसारख्या मागच्या दाराने आत गेल्या आणि जागीच थांबल्या. स्टूल आडवं पडलं होतं, बादली लवंडली होती, आणि त्या पाण्यात स्वांत्ये एका कुशीवर पडली होती. चेहरा पांढराफटक. वर दिवा मात्र चमकत होता.

“कधीची पडलीस गं?”

“ते राहू दे. आधी पाणी पूस.”

“रुग्णवाहिका बोलावते.”

“ती माणसं आत येतील ना. हे असं बघतील. आधी पूस म्हणते ना.”

आणि यांतिनाबाईंनी पुसलं. टेबलाला धरून गुडघ्यावर बसल्या, पाणी टिपलं, फडकं पिळून दांडीवर सरळ वाळत घातलं, मग फोनकडे गेल्या. नंबर लावताना त्यांना स्वतःचीच किळस आली. बाई जमिनीवर कण्हत होती, आणि आपण फडक्याच्या सुरकुत्या काढत होतो. सुंभ जळतो पण पीळ जात नाही, तो हा असा.

रुग्णवाहिका येईपर्यंत त्या जमिनीवर स्वांत्येचा हात धरून बसल्या. पन्नासहून जास्त वर्षांत पहिल्यांदा धरला होता.

“तू येणार म्हणून चढले होते गं,” स्वांत्ये म्हणाली.

आठवड्याभराने, स्वांत्ये अजून रुग्णालयातच असताना, योरित केक घेऊन आला. “बघितलंत?” कोट काढता-काढताच तो म्हणाला. “वर्तुळ किती उपयोगी पडलं. तुम्ही नसता तर त्या सापडल्या कधी असत्या?”

यांतिनाबाईंनी कॉफी ओतली. योरितने टेबलावर कोपर टेकलं आणि बाही चिकटली. मग त्याने आजूबाजूला बघितलं. मोरीत कपांचा ढीग, खिडकीवर डाग, उंबऱ्यावर चिखल. त्या मंगळवारनंतर बाईंनी फडक्याला हात लावला नव्हता. गल्ली मान वळवून आत बघत होती आणि बाई गल्लीकडे पाठ करून बसत होत्या. लाजेने जीव जात होता, पण उठल्या नव्हत्या.

“तुम्हाला धक्का बसलाय,” योरित हळूच म्हणाला. “अशा लोकांसाठी आमचा एक गट आहे, बुधवारी जमतो—”

“मला जमत नाही.”

“मग शुक्रवारचाही आहे.”

“घर. मला घर जमत नाही. कधीपासूनच जमत नव्हतं. तुमच्याशी बोलले ते खोटं होतं.”

योरितने पिशवीतून वर्तुळाचा कागद काढला. स्वांत्येच्या नावावर काट मारली आणि पेन हातात धरून आशेने विचारलं, “आणखी कोण आहे जवळपास?”

यांतिनाबाईंनी त्याच्या हातातून पेन घेतलं. हात कापत होता, त्यामुळे वेळ लागला. त्यांनी लिहिलं, ‘योरित, मागची गल्ली’.

“शेजारीच म्हणाला होतास ना? मंगळवारी दहाला ये. बादली जिन्याखाली आहे.”

योरित हसला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यानेही हसू आवरलं. “अहो, पण मंगळवारी माझं काम असतं.”

“नुर्तेनचंही ते कामच होतं,” यांतिनाबाई म्हणाल्या. त्यांनी बिस्किटांचा डबा जवळ ओढला आणि झाकण लावून टाकलं. योरितने अजून एकही घेतलं नव्हतं.

महिन्याभराने नुर्तेन परत आली. वेळ पूर्वीपेक्षा कमी करून दिला होता, नगरपालिकेला हरल्यासारखं दिसायचं नव्हतं. ती दारात उभी राहून आतला पसारा बघतच राहिली.

“हे काय हो, यांतिनाबाई?”

यांतिनाबाईंचे कान लाल झाले. “तुझ्यासाठी ठेवलंय,” त्या म्हणाल्या आणि कॉफीचं पाणी ठेवायला वळल्या.