भिंतीवर राहिलेली सावली

फर्निचरच्या दुकानावरचा तो हॉल भर दुपारी काळ्या पडद्यांनी बंद केला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीला टेकून एक म्हातारी उभी राहिली. फोटॉनने रोग घालवतो म्हणणाऱ्या फोटॉनगुरूंनी मोठ्या फ्लॅश-दिव्याचं बटण दाबलं. लख्ख झगमगाट झाला आणि पुन्हा अंधार. म्हातारी बाजूला झाली. पण तिची सावली जागची हलली नाही! हिरवट उजळलेल्या भिंतीवर ती काळीकुट्ट तशीच उभी होती.

"हा तुमचा रोग, आजी!" गुरू गरजले. "फोटॉनांनी ओढून भिंतीला चिकटवला! फोटॉनला वजन नाही, म्हणून तो थेट आत्म्यात शिरतो. आता बघा कसा विरतो!"

भिंत मंदावत गेली, सावली अंधारात मिसळली. लोकांनी हात जोडले.

मागच्या रांगेत हॉस्पिटलचा डार्करूमवाला बसला होता. तीस वर्षं लाल दिव्याखाली एक्स-रे फिल्म धुणारा हा माणूस. सहकारी त्याला अंधारराव म्हणत. शेजारी धाकटी बहीण होती. तिच्या छातीतली गाठ कर्करोगाची निघाली होती. ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनीच पुढे ढकलली, असं तिने घरी सांगितलं होतं. खरं तर चार महिन्यांपूर्वी तिनेच ती चुकवली होती आणि ती या गुरूंकडे येऊ लागली होती. दादाला हे कळलं कालच.

"तूच तर म्हणालास," ती काल रडत म्हणाली होती. "मी विचारलं, फोटॉन खरंच असतात का? तू म्हणालास, असतात की."

म्हणाला होता. तेव्हा ती त्याचा डबा घेऊन हॉस्पिटलात आली होती, फिल्म उघडी होती, उजेड लागून खराब होईल म्हणून दार उघडता येत नव्हतं. बंद दाराआडूनच त्याने उत्तर दिलं होतं. का विचारतेस, हे विचारलं नव्हतं.

"कुणाला शंका?" गुरूंनी नेहमीप्रमाणे आव्हान दिलं. अंधारराव उठला. त्याने एक लोखंडी खुर्ची भिंतीला लावली, बटण दाबलं, खुर्ची उचलली. खुर्चीची सावली भिंतीवरच राहिली.

"गुरुजी, हिला काय झालंय? संधिवात?"

हशा पिकला. गुरू डगमगले नाहीत. "तिच्यावर बसलेल्या रोग्यांचा दोष आहे तो!"

"खरंय, खरंय," दोघं-तिघं पुटपुटले.

अंधाररावने भिंत पूर्ण काळी होऊ दिली. मग पिशवीतून डार्करूमचा लाल दिवा काढला, गुरूंचा हात भिंतीवर ठेवला आणि त्यावर लाल उजेड पाडला. चांगली दोन मिनिटं. दिवा बंद केला. भिंत ठार काळी. कसलीच सावली नाही.

"प्रकाश कणाकणाने येतो," तो म्हणाला. "त्या कणांना फोटॉन म्हणतात. लाल कणाची ताकद कमी, निळ्या-जांभळ्याची जास्त. शंभर पोरांनी गुडघाभर उड्या मारल्या म्हणून कुणी कुंपणापलीकडे जात नाही. लाल कण कितीही ओता, ही भिंत जागी होत नाही. हिला घड्याळाच्या चमकत्या काट्यांना असतो तसला रंग फासलाय. झगमगाटातले निळे कण तो साठवतो आणि हळूहळू सोडतो. जिथे माणूस उभा, तिथे उजेड पोचला नाही, एवढंच. रोग विरत नाही, आजी. भिंतीचा उजेड विझतो."

भिंतीवरून किल्लीने खरवडलेली रंगाची पूड त्याने तळहातावर घेतली, बटण दाबलं. अंधारात त्याचा हात हिरवा चमकला.

"पण मला बरं वाटलं होतं रे," आजी म्हणाली. पडदे बाजूला झाले तेव्हा गुरू मागच्या जिन्याने पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या छातीची फिल्म त्यानेच धुतली. लाल उजेडात दोन्ही फुप्फुसांवर पसरलेल्या रोगाचे ठिपके उमटत गेले. तो बघत राहिला. ते विरले नाहीत.

"दादा, काय आलं रे?" दाराबाहेरून तिने विचारलं.

फिल्म पक्की व्हायला दोन मिनिटं होती. तोवर दार उघडता येत नव्हतं. या वेळी त्याने बंद दाराआडून उत्तर दिलं नाही.

एक्स-रे म्हणजेही फोटॉनच. ते खरे आहेत, म्हणूनच खोट्याने त्यांचं नाव घेतलं. शास्त्रातला शब्द कानावर पडला की माना डोलावू नका. हे कसं होतं, तेच खुर्चीचंही होतं का, हे विचारा. आणि आपल्या माणसाने काही विचारलं, तर हातातलं काम संपवून दार उघडा आणि समोर बसून उत्तर द्या.