पोळ्याच्या दिवशीचा ट्रॅक्टर

चांगुणाबाईंनी सरपंच झाल्यावर पहिला ठराव केला तो ट्रॅक्टरचा. मिरजगावजवळच्या त्यांच्या गावात बैल संपत आले, तसे पोळ्याला वेशीतून मिरवायला ट्रॅक्टर निघू लागले. पोरं भर रस्त्यात पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर उभा करायची. गेल्या पोळ्याला असाच एक ट्रॅक्टर खाली आला आणि बनुबाईचा पाय मोडला. पोलिसांचा कायदा होताच, पण त्याला भीक कोण घालतो! म्हणून गावाने ठरवलं, रस्त्यावर जो चाकं उचलेल त्याचा ट्रॅक्टर बंद करून बैलांनी ओढत घरी न्यायचा.

आणि यंदा चाकं उचलली कुणी? सरपंचबाईंच्या नवऱ्यानं! साठी उलटलेले आप्पासाहेब, गळ्यात झेंडूचा हार, वेशीतून पहिलं जायचा मान त्यांचा. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि त्यांच्या अंगात आलं. चांगुणाबाईंच्या काळजाचं पाणी झालं. चाकं नीट खाली टेकली तेव्हा आधी त्यांना हायसं वाटलं, मग राग आला. या माणसाच्या बाबतीत आयुष्यभर हे असंच चाललं होतं.

सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघत होतं. आज नवऱ्याला सोडलं, तर उद्या ठराव कुणीच जुमानणार नव्हतं.

"अहो, बंद करा ते. उतरा खाली," त्या म्हणाल्या. "बैल आना रं कुनीतरी."

गावात बैलजोडी उरलेली एकच, बनुबाईची. सजवलेले बैल घेऊन, काठी टेकत ती पुढं आली. "सरपंचबाई, आज पोळा हाय. आजच्या दिशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत्यात व्हय?"

चांगुणाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. शेतकऱ्यांचं अख्खं गाव ठरावाला बसलं होतं आणि एकालाही हे सुचू नये! आप्पासाहेब मिशीत हसले. त्यांना वाटलं, सुटलो.

बाईंनी पदर खोचला. दोर मागवून ट्रॅक्टरच्या पुढं बांधला आणि दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

आप्पासाहेबांचं हसू पार मावळलं. जवळ येऊन त्यांनी दोर हळूच काढून घेतला.

"बैलांला सुट्टी हाय, मला कुठं हाय? तू वर बस. स्टेअरिंग धराया कुनीतरी पायजे."

"मला लायसन न्हाई."

"इंजिन बंद हाय, बाई! बस गुमान."

ते ओढू लागले. मघाशी शिट्ट्या मारणारी पोरं खाली माना घालून मागून ढकलू लागली. वेशीच्या तोरणापाशी चांगुणाबाईंनी ब्रेक दाबला. दोराला हिसका बसला.

"आता काय झालं?" घामाघूम आप्पासाहेबांनी वळून विचारलं.

"मागं बघा. सन त्यांचा हाय. आधी बनुबाईचे बैल."

आप्पासाहेब दोर टाकून मागं बैलांपाशी गेले. मग त्यांनी गळ्यातला हार काढला, मधोमध तोडून त्याचे दोन केले आणि दोन्ही बैलांच्या गळ्यात बांधले. बनुबाई बैल घेऊन, काठी टेकत, आपल्या चालीनं, तोरणाखालून पहिली गेली. ती पार पलीकडे जाईपर्यंत चांगुणाबाई डोळे पुसत ब्रेकवर पाय दाबून बसल्या होत्या.