न दुखणारा घोटा

दुपारी दोनच्या सुमारास सून सासऱ्यांना घेऊन रुग्णालयाच्या अपघात विभागात आली. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उभा जन्म शिंपीकामात गेलेला. सकाळी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय मुरगळला होता. उजवा घोटा सुजून टम्म झाला होता.

"हिला उगाच घाबरायची सवय आहे," ते म्हणाले. "पट्टी बांधा आणि सोडा, डॉक्टरीणबाई."

डॉक्टर तरुण होती. घोट्याच्या दोन्ही बाजूंची हाडं अंगठ्याने दाबत तिने विचारलं, "आजोबा, इथे दुखतं?"

"छे!"

"आणि इथे?"

"अजिबात नाही."

"चार पावलं चालून दाखवता?"

त्यांनी चांगली सहा टाकली आणि सुनेकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं.

हाड दाबून दुखत नाही, पायावर भार देता येतो. म्हणजे एक्स-रे नको. डॉक्टरने कागदावर 'मुरगळ' लिहिलंसुद्धा. पण मनाला पटेना. एवढा सुजलेला पाय दाबला तर माणूस निदान 'स्स' तरी करतो.

"पडताना चक्कर आली होती?"

"नाही हो. पायाला पायरी कळलीच नाही."

डॉक्टरचा हात थांबला. "दुसरा मोजाही काढा बघू."

सून खाली वाकली. मोज्याबरोबर एक काळं बटण टपकन फरशीवर पडलं. तळव्यावर त्याचा गोल ठसा उमटला होता, चारही भोकांसकट.

"बाबा, हे कधीपासून आहे?"

"काय कधीपासून?"

"मधुमेह किती वर्षांचा?" डॉक्टरने विचारलं.

"झाली असतील पंधरा-सोळा," सून म्हणाली.

डॉक्टरने त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "कापूस लावते. लागला की 'हो' म्हणा."

ते वाट बघत बसले. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, करा की सुरू!"

"झालं, आजोबा. सहा ठिकाणी लावला."

एक्स-रेत हाड दोन ठिकाणी मोडलेलं निघालं. डॉक्टरने 'मुरगळ' खोडलं. मघाशी आणखी दोन मिनिटांत तिने त्यांना त्याच पायावर चालत घरी धाडलं असतं.

"म्हणजे मी सोशिक वगैरे काही नाही," सासरे हळूच म्हणाले. "पायच मुका झालाय."

"म्हणून तर या पायावर अजिबात भार द्यायचा नाही. तो ओरडून सांगणार नाही," डॉक्टर म्हणाली. "आणि दोन्ही तळवे रोज कोणीतरी बघायचे."

"सुनेने माझे पाय बघायचे?"

"मग काय, तुम्ही बघणार? सुईत दोरा तरी ओवता येतो का आता?" सून म्हणाली.

ते कसनुसं हसले. प्लास्टर झाल्यावर ती गाडी बघायला बाहेर गेली. परत आली तेव्हा ते वाकून डाव्या पायाची बोटं एकेक करून चाचपत होते. हाताला सगळं कळत होतं.